खुंटावर बसलेले मिस्त्री

आमच्या कारखान्यात दुरुस्त झालेलं डिझेल इंजिन टेस्टिंगच्या चौथऱ्यावर चढवलं, की सगळे जण इंजिनाकडं न बघता मिस्त्रींच्या तोंडाकडं बघायचे. मालकसुद्धा. मिस्त्री हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर इंजिनाच्या अंगाला टेकवायचे, त्याची लाकडी मूठ कानामागच्या हाडावर दाबायचे आणि डोळे मिटायचे. मिनिटभर तसेच. मग डोळे उघडून दोनातला एक शब्द बोलायचे. ‘सोडा’ किंवा ‘खोला’. सोडा म्हणजे इंजिन टेम्पोत चढवा. खोला म्हणजे चार दिवसांची मेहनत फुकट गेली, पुन्हा पहिल्यापासून नटबोल्ट काढायला बसा. का खोला, कुठं खोला, हे विचारायची सोय नव्हती.

शिरोलीच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना लहानच. चौदा माणसं आणि पंधरावी मी. हातकणंगल्याजवळच्या आमच्या गावाहून रोज एसटीनं यायची. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून लागलेली, आणि ऑफिसात न बसता खाली तेलाच्या फरशीवर काम करणारी तिथली पहिलीच मुलगी. पहिल्या दिवशी मालकांनी मला नेऊन मिस्त्रींपुढं उभं केलं. साठीला टेकलेले, बुटके, रुंद खांद्यांचे, खाकी शर्टाची वरची दोन बटणं उघडी. ते एका पंपाचं तोंड पुसत होते.

“काय शिकलीयास?” मान वर न करता त्यांनी विचारलं.

“डिप्लोमा.”

“बरं.”

त्या दिवसापासून माझं नाव डिप्लोमा पडलं. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, मला शंका आहे. टेम्पोच्या ड्रायव्हरला ते ‘गिअर’ म्हणायचे, कारण तो गिअर टाकायचा तेव्हा गाडी दात खाल्ल्यासारखी करकरायची. मालक अगदी हळू आवाजात बोलत, म्हणून त्यांचं पाठीमागचं नाव ‘सायलेन्सर’. मालकांना ते ठाऊक होतं आणि मला वाटतं, थोडंसं आवडायचंही.

मिस्त्री शाहूवाडीकडचे. घरची भातशेती डोंगराच्या पोटाला, आणि खाली नदीवर गावाचं सामाईक इंजिन. ते इंजिन कधी धापा टाकायचं, कधी खोकायचं. रानात उभं राहून नुसत्या आवाजावरून त्यांचे वडील सांगायचे, आज पाणी उशिरा येणार. मिस्त्रींची शाळा तिथंच झाली. पुढं कोल्हापुरात येऊन त्यांनी चाळीस वर्षं इंजिनं ऐकली. दुसरं काही ऐकायची त्यांना फारशी हौस नव्हती. मोबाईल होता, पण तो डब्याच्या पिशवीत, नॅपकिनात गुंडाळलेला असायचा. जेवायला भिंतीकडं तोंड करून बसायचे आणि कुणी बोलायला लागलं की हात वर करायचे. “कानाला सुट्टी हाय आत्ता.” गणपती विसर्जनाच्या दिवशी भिंतीएवढे स्पीकर रस्त्यावर यायच्या आधीच ते सकाळची पहिली गाडी पकडून गावी जायचे आणि दोन दिवसांनी शहराची तब्येत विचारावी तसं विचारायचे, “संपलं का सगळं?”

एकदा मालकांच्या घरी पूजा होती. आम्ही सगळे प्रसादाच्या पंगतीला बसलो होतो. वाढणं सुरू झालं आणि मिस्त्री ताटावरून उठले, सरळ स्वयंपाकघरात गेले. मालकीणबाई बिचाऱ्या गडबडल्या, काय कमी पडलं म्हणून. मिस्त्री शेगडीवरच्या कुकरकडं बोट दाखवून म्हणाले, “वैनी, शिट्टीच्या बाजूनं वाफ जात न्हाई ह्याची. रबराकडनं जाती. उतरवा.” कुकर उतरवला. रबर खरंच एका जागी चिरलं होतं. मिस्त्री परत येऊन बसले आणि गार झालेला शिरा खाल्ला. चेहऱ्यावर काही नाही.

दुसऱ्या एका वेळी त्यांनी ‘खोला’ म्हटलेलं इंजिन मालकांनी पाठवून दिलं. गिऱ्हाईक सकाळपासून दारात बसलं होतं, आणि आम्हा कुणालाही त्या इंजिनात खोट सापडत नव्हती. आठव्या दिवशी ते इंजिन टेम्पोतनं परत आलं. मालक खाली येऊन उभे राहिले. मिस्त्रींनी पाना उचलून मालकांच्या हातात दिला. सायलेन्सरनं त्या दिवशी शर्टाच्या बाह्या मागं सारून स्वतः नट काढले.

असा माणूस गुरू म्हणून मिळाला तर भाग्यच, असं कुणालाही वाटेल. मला वाटत नव्हतं. कारण ते शिकवायचेच नाहीत. “ऐक,” एवढंच म्हणायचे. मी त्यांच्यासारखा स्क्रू ड्रायव्हर लावून, डोळे मिटून ऐकायची. मला घरघर ऐकू यायची. सगळ्या इंजिनांची एकच घरघर. “काय ऐकू, मिस्त्री?” असं विचारलं, तर म्हणायचे, “ऐक म्हंजे ऐक. आणि काय सांगू?” दोन वर्षं मी असं ऐकत होते. घरी आई विचारायची, जमतंय का गं? मी हो म्हणायची. मनात मात्र पक्कं बसलं होतं की बाकी सगळं येईल, हा कान काही मला मिळायचा नाही.

मी लागल्यानंतरच्या तिसऱ्या जानेवारीत देवगडच्या अलीकडं एका आंब्याच्या बागेत पाण्यासाठी आमचं इंजिन बसवायचं काम निघालं. गाडी गिअर चालवणार, इंजिन मिस्त्री बसवणार, आणि मालक म्हणाले, डिप्लोमालाही न्या. मिस्त्री ‘नको’ म्हणाले नाहीत. तेवढ्यावरच मी खूश होते. पहाटे निघून राधानगरीवरून फोंड्याचा घाट उतरलो, साडेनवाला बागेत पोचलो, आणि बाराच्या आत इंजिन पाणी ओढायला लागलं. मिस्त्रींनी ‘सोडा’ म्हटलं आणि बागवाल्यानं आम्हाला सोलकढी पाजली.

परत निघताना गिअर म्हणाला, “मिस्त्री, हितनं बंदर दोन मैलावर हाय. बायकोनं सुरमई सांगिटलीया. अर्धा तास थांबूया की.”

“मासं कुणी खायाचं? काटं मोजत बसाय मला टाइम न्हाई,” मिस्त्री म्हणाले.

“तुमी खाऊ नका. गाडीत बसा नुसतं.”

मीही मधे पडले. मी तोवर समुद्र दोनदाच बघितला होता, तोही सहलीच्या गर्दीत. मिस्त्रींनी खांदे उडवले.

खाडीच्या तोंडाशी असलेलं ते एक छोटं बंदर होतं. सिमेंटचा धक्का, त्याला घासून उभ्या राहिलेल्या आठदहा लाँचा, त्यांच्यावरचे रंगीत झेंडे, निळी पिंपं, जाळ्यांचे ढिगारे आणि त्या ढिगाऱ्यांवर झोपलेली कुत्री. एका यंत्रातून बर्फाच्या लाद्यांचा चुरा खाली टोपल्यात पडत होता. मासळीचा वास असा होता की आधी नाक मिटावंसं वाटलं आणि पाच मिनिटांनी तो आहे हेच विसरायला झालं. गिअर सुरमईवाल्या बाईशी घासाघीस करायला लागला. मी धक्क्यावर उभी राहून बघत राहिले. ऊन होतं, वारा होता, आणि इतकं सगळं एका वेळी मोकळं मी कधी बघितलंच नव्हतं. मिस्त्री गाडीत नाकाला रुमाल लावून बसले होते. पाण्याजवळ जायचं नाही, हे त्यांचं जुनं होतं. लहानपणी कडवी नदीच्या पुरात ते वाहून जाता जाता राहिले होते, आणि तेव्हापासून गुडघ्याच्या वर पाणी आलं नाही, असं ते अभिमानानं सांगायचे.

तेवढ्यात गाडीचा दरवाजा आपटला. मिस्त्री रुमाल विसरून तरातरा धक्क्यावर चालत येत होते. माझ्या समोरच एक लाँच निघायच्या तयारीत होती. इंजिन चालू होतं, पुढचा दोर सोडून झाला होता, मागचा एक दोर तेवढा धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला अडकवलेला होता. एक खलाशी तो सोडायला वाकला होता. मिस्त्री त्याच्या अंगावरून पुढं झाले आणि त्या खुंटावर, दोराच्या वेटोळ्यावर, चक्क बसले.

खलाशी बघतच राहिला. लाँचवरून तांडेल ओरडला. तांडेल म्हणजे लाँचचा मुख्य. पस्तिशीतला, काळा, डोक्याला टोपी.

“ओ पावणे, उठा थंयसून! दोर सोडूचो आसा.”

“इंजन बंद कर आदी,” मिस्त्री बसल्या जागेवरून म्हणाले.

“कित्याक?”

“दोन नंबरचं बेरिंग वाजतंय. आज न्हाई तर उद्या जाम हुणार. असल्या इंजनावर दर्यात जातोयस व्हय?”

“तुमी कोण?”

“मी कोल्हापूरचा.”

लाँचवरचे सगळे हसले. एक जण म्हणाला, “कोल्हापुराक दर्या कधी इलो?”

“दर्या न्हाई,” मिस्त्री शांतपणे म्हणाले. “पण इंजनं हायत की. दर्यातलीबी दुरुस्तीला आमच्याकडंच येत्यात. ऐक तूच. टक, टक, टक. ऐकू येतंय का न्हाई?”

आणि खरंच ऐकू येत होतं. इंजिनाच्या धडधडीत मिसळलेला, तिच्याच ठेक्यातला, कोरडा टक टक आवाज. मलासुद्धा येत होता. तांडेलानं कान दिला आणि त्याचा चेहरा जरा बदलला, पण लगेच तो चिडला. त्याचं चिडणंही खोटं नव्हतं. खाडीच्या तोंडाशी वाळूची पट्टी होती. सुकती लागली, म्हणजे ओहोटी सुरू झाली, की तिथं पाणी कमी होतं आणि लाँच तळाला टेकते. अर्ध्या तासात निघाले नाहीत तर पुढची भरती रात्री. पोटात चार दिवसांचा बर्फ भरलेला, तो वितळत राहणार. हे सगळं त्यानं मिस्त्रींना एका दमात ऐकवलं आणि शेवटी म्हणाला, “आता उठतास का उचलू?”

“उचल,” मिस्त्री म्हणाले आणि दोन्ही हातांनी खुंट धरला.

धक्क्यावर एक म्हातारी कोळंबी निवडत बसली होती. ती तांडेलाची आई. तिनं हातातलं टोपलं बाजूला ठेवलं.

“बाबू, बगूक दी रे तेंका,” ती म्हणाली. “सा माणसां जातत भायर. बगूक काय जाता तुजा?”

आईपुढं तांडेलाचं काही चालेना. “बगा,” तो म्हणाला. “पाच मिनटां. या खाली.”

लाँचच्या पुढच्या, सुट्या टोकाला फळी टाकली. तिथं धक्का आणि लाँच यांच्यामध्ये हातभर फट होती आणि त्या फटीत हिरवं पाणी वरखाली होत होतं. मिस्त्रींनी त्या पाण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. कमरेला खोचलेला स्क्रू ड्रायव्हर काढून त्यांनी माझ्यापुढं धरला.

“डिप्लोमा, तू जा.”

“मी?”

“मग काय गिअरला पाठवू? जा. कुठल्या जागी वाजतंय तेवढं सांग. मग मी खोलायचं सांगतो.”

चपला धक्क्यावर काढून फळीवरून मी लाँचवर उतरले. खाली इंजिनाच्या खोलीत अंधार, उकाडा आणि डिझेलचा वास, म्हणजे माझ्या ओळखीचं सगळं. मी स्क्रू ड्रायव्हर दोन नंबरच्या सिलिंडरखाली टेकवला, मूठ कानामागं दाबली, डोळे मिटले. इंजिन स्वच्छ चालत होतं. मी एक नंबर ऐकला, तीन ऐकला, चार ऐकला, पुन्हा दोन. स्वच्छ. पण स्क्रू ड्रायव्हर काढला की टक टक होतीच.

पहिला विचार असा आला की माझ्याच कानात दोष आहे. दुसरा विचार यायला वेळ लागला, आणि तो कानातनं आलाच नाही, पायातनं आला. मी अनवाणी उभी होते. लाँचच्या डाव्या बाजूच्या लाकडाला माझा डावा पाय टेकला होता, आणि टक टक त्या पायाला लागत होती. उजव्या पायाला लागत नव्हती. डावी बाजू धक्क्याकडची. लाट आली, लाँच धक्क्यापासून वीतभर सरकली, आणि टक टक थांबली. लाट ओसरली, लाँच धक्क्याला टेकली, टक टक सुरू. मी आणखी चार लाटा मोजल्या. चारही वेळा तसंच झालं.

म्हणजे इंजिन चांगलं होतं. त्याच्या हादऱ्यानं बाहेर काहीतरी धक्क्यावर आपटत होतं. आणि वर खुंटावर मिस्त्री बसले होते. दोन वर्षांत मी त्यांना एकदाही चुकलेलं बघितलं नव्हतं.

सोपी वाट माझ्यासमोर होती. ‘दोन नंबरच हाय मिस्त्री’ म्हटलं असतं, की इंजिन खोललं गेलं असतं, भरती हुकली असती, बर्फ वितळला असता. नुकसान त्या माणसांचं, पण माझ्याकडं कुणी बोट दाखवलं नसतं. आणि मी ‘इंजिन चांगलं आहे’ म्हटलं आणि माझंच चुकलं, तर सहा माणसं भर समुद्रात बंद पडलेल्या लाँचवर. मी पुन्हा एकदा चारही सिलिंडर ऐकले. तांडेल वरून ओरडत होता, “झाला काय?”  मी वर आले.

“सांग,” मिस्त्री म्हणाले.

“मिस्त्री,” मी म्हणाले, “सोडा.”

धक्क्यावर कुणाला काही कळलं नाही. कळलं ते आम्हा दोघांनाच, आणि सुरमई हातात घेऊन उभ्या असलेल्या गिअरला. तो शब्द आमच्या कारखान्यात दुसऱ्या कुणी उच्चारत नसे.

“काय म्हणालीस?” मिस्त्री हळू आवाजात म्हणाले.

“इंजन चांगलं हाय. आवाज भायेरचा हाय. लाँच धक्क्याला टेकली की येतोय, लांब गेली की थांबतोय. दोर ढिला सोडून बघा. मी हितनं दाखवतो.”

आमच्याकडं बायकाही ‘मी दाखवतो, मी जातो’ असंच बोलतात. तांडेलाच्या आईला त्याही गडबडीत ते गमतीचं वाटलं आणि ती हसली. बाकी कुणी हसलं नाही. दोर ढिला करायचा तर तो मिस्त्रींच्या खाली होता. मिस्त्री माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता उठणार नाहीत. किंवा उठतील ते सरळ गाडीत जाऊन बसतील आणि उद्यापासून मला झाडू मारायला लावतील.

ते उठले. दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून, हळूच. खलाशानं दोराचे दोन वेढे सोडले, दुसऱ्यानं बांबू धक्क्याला लावून लाँच ढकलली. फट वाढली, दोन हात झाली. टक टक थांबली. इंजिन एकटंच धडधडत राहिलं, निरोगी. लाँच परत आणली, टेकली, टक टक सुरू. एक खलाशी पालथा झोपून बाहेर वाकला आणि ओरडला. लाँचच्या कडेला धक्क्याचा मार सोसायला जाड लाकूड असतं, त्याच्यावर ठोकलेल्या लोखंडी पट्टीचा खिळा निघाला होता. पट्टीचं मोकळं टोक सिमेंटवर नाचत होतं. त्यानं ते हातानं दाबून धरलं आणि आवाज गेला.

कुणीतरी हातोडी आणायला पळालं. तांडेल हसायला लागणार होता, पण मिस्त्री तोवर धक्क्याच्या अगदी कडेला आले होते.

“मला बघू दे,” ते म्हणाले.

“मिस्त्री, पाणी हाय,” गिअर मागून म्हणाला.

“दिसतंय मला.”

त्यांनी फळीवर एक पाय ठेवला आणि तिथंच अडकले. तांडेलाची आई उठली, कोळंबीचे हात पदराला पुसले आणि त्यांचं मनगट धरलं. “भियाव नकात. मिया धरलंय तुमका.” साठ वर्षांचा तो माणूस सत्तर वर्षांच्या बाईचा हात धरून तीन पावलं चालला आणि लाँचवर उतरला. माझ्याबरोबर खाली जाऊन त्यांनी माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि इंजिनाला लावला. बराच वेळ. मी त्यांचा चेहरा बघत होते. तो उतरेल असं मला वाटलं होतं, पण तो उलट सैल होत गेला.

“बरोबर हाय,” ते म्हणाले. मग वर येऊन तांडेलापुढं हात जोडले. “माझं चुकलं. तुमचा वेळ घालवला.”

तांडेल एवढ्यानं ओशाळला. “तसा काय नाय ओ. पट्टी आज ना उद्या जाळ्यात अडाकली असती. बरा झाला.”

सुकती लागायला दहा मिनिटं होती तेव्हा लाँच सुटली. मिस्त्री धक्क्यावर उभे राहून ती वाळूच्या पट्टीवरून पार होईपर्यंत बघत होते. ती पार झाली, तसा तांडेलानं लांबून हात हलवला. म्हातारीनं दोन मुठी कोळंबी पिशवीत घालून मिस्त्रींच्या हातात कोंबली आणि त्यांनी ती मुकाट्यानं घेतली.

परत निघालो. मिस्त्री डाव्या खिडकीशी, मी मधे, गिअर स्टिअरिंगवर. घाट चढताना गिअर इतक्या जपून गिअर टाकत होता की हसू यावं. वर दाजीपूरच्या अलीकडं तो चहा सांगायला उतरला. गाडीत आम्ही दोघंच.

“डिप्लोमा,” मिस्त्री समोरच्या काचेतून बघत म्हणाले, “तुला एक सांगतो. कुणाला बोलू नको. माझा डावा कान गेलाय.”

मी त्यांच्याकडं वळले.

“दीड वरीस झालं. आदी सूं सूं व्हायचं. आता कायच न्हाई. एका कानानं आवाज येतो गं, पण कुठनं येतोय ते कळत न्हाई. कारखान्यात चालतंय, इंजनाला हात लावून ऐकतो. आज लांबनं ऐकलं आणि ऐटीत जाऊन बसलो.” त्यांनी काचेवरची नजर माझ्याकडं वळवली. “तू खोटं बोलली असतीस तर? मी काय म्हणंन म्हणून?”

“बोलणार हुतो,” मी म्हणाले. खरं तेच सांगितलं.

त्यावर ते मोठ्यानं हसले. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच बघितलं. पुढचे दोन दात पडलेले होते, तेही मला त्या दिवशीच कळलं. “बोलणार हुतीस आणि न्हाई बोललीस,” ते म्हणाले. “चांगलं झालं. लई चांगलं झालं. मला वाटत हुतं, कान गेला की हे सगळं माझ्याबरोबर जाणार.”

गिअर चहा घेऊन आला तेव्हा आम्ही दोघंही हसत होतो. त्याला काही कळेना.

सोमवारी सकाळी मिस्त्रींनी आधी सगळ्यांना गोळा करून बंदरावरची गोष्ट सांगितली, स्वतःच्या तोंडानं, खुंटावर कसे बसले ते बसून दाखवत. पुढं ती गोष्ट त्यांनी पुष्कळदा सांगितली आणि प्रत्येक वेळी त्यात ते आधीपेक्षा जास्त वेडे ठरत गेले. मग ते मालकांच्या केबिनमध्ये गेले. काय बोलणं झालं ते मालकांनीच मला नंतर सांगितलं. मिस्त्री म्हणाले होते, “माझा एक कान गेलाय. दीड वर्सं लपवलं. ठेवायचं असंल तर ठेवा, पण टेस्टिंगला डिप्लोमा पायजे माझ्याबरोबर. दोघांचं मिळून तीन कान हुत्यात, एवढं बास हाय.” मालक नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले होते, “मिस्त्री, तुम्ही डाव्या बाजूला बोलणाऱ्याला उत्तर देत नाही, हे मला वर्षभर कळतंय. मला वाटलं, माझ्यावर रागावलाय.”

त्यानंतर मिस्त्री तीन वर्षं होते. त्या तीन वर्षांत त्यांनी मला शिकवलं, तेही तोंडानं. इंजिनाला आधी हात लावू दे, मग कान. एकाच जागी ऐकू नको, चारी बाजूंनी फिर. आवाज आला की तो कशानं थांबतो ते शोध, कशानं येतो ते मग आपोआप कळतं. “हे पैलं का न्हाई सांगिटलं?” मी एकदा विचारलं. “मला तरी कुठं माहीत हुतं,” ते म्हणाले. “तू लाँचवर काय केलंस ते ध्यानात आलं, तवा कळलं की मीबी तसंच करतोय.”

आता ते गावी असतात. टेस्टिंग माझ्याकडं आहे, हाताखाली दोन माणसं आहेत, आणि त्यांना मी भरपूर बोलून शिकवते. गेल्या दिवाळीनंतर मिस्त्रींचा फोन आला. भात कापून झालंय, नदीवर पंप नवा आणलाय, तो जरा घुमतोय असं वाटतंय, येऊन बघून जा. मी आणि माझे मिस्टर गेलो. चुलीवर आमटी उकळत होती. दुपारच्या उन्हात आम्ही बांधावरून नदीपर्यंत चालत गेलो. मिस्त्री काठी टेकत मागं आणि मी पुढं. मी पंपाला हात लावला, चारी बाजूंनी फिरले, ऐकलं. मिस्त्री बांधावर बसून काडीनं दात कोरत होते, माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते.

“काय न्हाई, मिस्त्री,” मी म्हणाले. “चांगला हाय पंप.”

“हाय न्हवं? मग चला,” ते उठत म्हणाले, “जेवाय बसूया.”